न्यू जर्सीत नोकरी गेली: अनएम्प्लॉयमेंटचा क्लेम, सेव्हरन्स आणि दुकानदाराला आलेलं पत्र

प्रश्न थोडक्यात असा आहे. एडिसनमध्ये राहणाऱ्या एका ताईंच्या मिस्टरांना शुक्रवारी, ७ नोव्हेंबर २०२५ ला लेऑफ मिळाला. वर्षाला १ लाख १८ हजार डॉलर पगार होता. ग्रीन कार्डचा अर्ज पेंडिंग आहे, हातात ईएडी (काम करण्याचा परवाना) आहे. कंपनीने आठ आठवड्यांचं सेव्हरन्स (नोकरी संपवताना कंपनी देते ती रक्कम) देऊ केलंय. घरातले म्हणतात, "सेव्हरन्स संपेपर्यंत थांबा, सरकारी पैसे घेतले तर ग्रीन कार्डात अडचण येईल." शिवाय त्यांच्या दिरांचं सहा माणसांचं किराणा दुकान आहे. तिथून काढलेल्या एका मुलाने अनएम्प्लॉयमेंटचा, म्हणजे राज्याच्या बेकारी विम्याचा, क्लेम टाकला आणि दिरांना राज्याचं पत्र आलंय. मिस्टरांचा एक सहकारी एच-१बीवर (एका मालकापुरत्या कामाच्या व्हिसावर) आहे, त्याचीही नोकरी त्याच दिवशी गेली. या तिघांनी काय करायचं?

ताई, मी न्यू जर्सीत बरीच वर्षं छोट्या-मध्यम धंद्यांचं पेरोल बघतो, आणि लेऑफ झालेल्या आपल्या माणसांचे कागद वाचून देतो. मी वकील नाही. इमिग्रेशनबद्दल खाली जे लिहिलंय ते वकिलाला काय विचारायचं हे कळावं म्हणून आहे. अनएम्प्लॉयमेंटचं मात्र अनुभवावरून सांगतो.

आधी सगळ्यात तातडीचं. येत्या शनिवारच्या आत, म्हणजे १५ नोव्हेंबरपर्यंत, मिस्टरांना क्लेम टाकायला सांगा. न्यू जर्सीत क्लेमची तारीख तुम्ही अर्ज करता त्या आठवड्याच्या रविवारची धरतात. या आठवड्यात केला तर ९ नोव्हेंबर. सेव्हरन्स संपेपर्यंत थांबलात तर क्लेम जानेवारीपासून सुरू होईल आणि मधले आठवडे मागून मिळत नाहीत. मागच्या तारखेने क्लेम मंजूर करून घ्यायला खूप सबळ कारण लागतं, आणि "आम्हाला वाटलं थांबायचं असतं" हे कारण चालत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मराठी घरांत सगळ्यात जास्त नुकसान याच एका गोष्टीने होतं. फॉर्म चुकतो तो दुरुस्त होतो. गेलेला आठवडा गेला.

सेव्हरन्सचा गैरसमज फार पसरलेला आहे, कारण इतर काही राज्यांत सेव्हरन्समुळे पैसे खरंच थांबतात. तिकडच्या मित्राने सांगितलेलं इकडे लागू करू नका. न्यू जर्सीत नोकरी संपल्यावर, आधीच्या सेवेबद्दल म्हणून दिलेलं सेव्हरन्स क्लेमच्या आड येत नाही. आड येतं ते वेगळं: नोटिशीच्या बदल्यात दिलेला पगार, किंवा कंपनी तुम्हाला कागदोपत्री कामावर ठेवून पगार आणि सगळे फायदे चालू ठेवते ती मुदत. म्हणून पत्र हातात घ्या आणि दोन तारखा शोधा. पहिली, "तुमचा कामाचा शेवटचा दिवस". दुसरी, "तुमची नोकरी संपण्याची तारीख". दोन्ही ७ नोव्हेंबर असतील आणि आठ आठवड्यांच्या रकमेला सेव्हरन्स म्हटलं असेल तर रस्ता मोकळा आहे. दुसरी तारीख जानेवारीतली असेल, तोपर्यंत नेहमीसारखा पगार येणार असेल, तर ते अजून नोकरीतच आहेत. फॉर्मवर रक्कम लपवू नका. जे पत्रात आहे तेच लिहा आणि पत्राची प्रत जोडा. ठरवायचं काम राज्याचं आहे.

त्याच पत्राबद्दल आणखी एक. कंपनीत १०० किंवा जास्त माणसं असतील आणि न्यू जर्सीतल्या ५० किंवा जास्त जणांना एकदम काढलं असेल, तर १० एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे ९० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि दर पूर्ण वर्षाच्या सेवेमागे एक आठवड्याचा पगार सेव्हरन्स म्हणून द्यावाच लागतो. नोटीस कमी दिली तर वर चार आठवडे. १९८८ च्या केंद्रीय कायद्यात फक्त ६० दिवसांची नोटीस आहे, सेव्हरन्स नाही. मिस्टरांची नऊ वर्षं झाली असतील आणि कंपनी "उदार मनाने" आठ आठवडे देत असेल, तर सही करण्यापूर्वी किती जणांना काढलं ते विचारा. कायद्याने मिळणारं सेव्हरन्स सोडून देण्याची सही राज्याच्या किंवा कोर्टाच्या मंजुरीशिवाय ग्राह्य धरली जात नाही. त्यामुळे "आधी सही करा मग पैसे" असं दटावलं तर घाबरून जाऊ नका. नोकरीच्या कायद्याच्या वकिलाला एकदा तासभराची फी दिली तरी ती वसूल होते.

आता पैसे किती मिळतील ते बघू. राज्य "बेस इयर" धरतं: क्लेमच्या आधी पूर्ण झालेल्या शेवटच्या पाच क्वार्टरांपैकी (तिमाहींपैकी) पहिले चार. नोव्हेंबर २०२५ च्या क्लेमला ते १ जुलै २०२४ ते ३० जून २०२५ असं येतं. म्हणजे गेल्या चार महिन्यांचा पगार मोजणीत येतच नाही. या काळात, २०२५ च्या आकड्यांप्रमाणे, आठवड्याला किमान ३०३ डॉलर कमावलेले २० आठवडे हवेत, किंवा एकूण १५,२०० डॉलर. नुकती नोकरी लागलेल्या माणसाचं या चौकटीत बसत नसेल तर राज्य अलीकडचे क्वार्टर घेऊन पर्यायी बेस इयर लावून बघतं. आठवड्याची रक्कम सरासरी पगाराच्या ६० टक्के, पण २०२५ मध्ये कमाल ८७५ डॉलर. वर्षाला साधारण ७५,८०० डॉलरच्या वर पगार असलेला प्रत्येक जण या छताला टेकतो, त्यामुळे मिस्टरांना ८७५ येतील. काम न करणारा जोडीदार आणि मुलं यांच्यामुळे १५ टक्क्यांपर्यंत वाढ मिळते, पण छताच्या वर नाही, म्हणून तुमच्या बाबतीत तिचा उपयोग नाही. कमी पगाराच्या माणसाला मात्र ती वाढ जरूर मागायला सांगा. जास्तीत जास्त २६ आठवडे, म्हणजे तुमचे एकूण २२,७५० डॉलर. घराचा हप्ता यातून निघणार नाही हे मला माहीत आहे. किराणा, वीज, मुलांचे क्लासेस निघतात, आणि मिळेल ती पहिली नोकरी घाईने धरावी लागत नाही.

हे "सरकारी पैसे" नाहीत, हे घरातल्या सगळ्यांना नीट सांगा. अमेरिकेत ही योजना आधी विस्कॉन्सिनने १९३२ मध्ये केली, मग महामंदीच्या धक्क्यानंतर १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने सगळ्या राज्यांत आली. बहुतेक राज्यांत वर्गणी फक्त मालक भरतो. फक्त तीन राज्यं नोकरदाराच्या पगारातूनही कापतात: अलास्का, पेन्सिल्व्हेनिया आणि आपलं न्यू जर्सी. मिस्टरांची पे स्टब (पगाराची पावती) काढा. फेडरल टॅक्स, सोशल सिक्युरिटी, मेडिकेअरच्या खाली एक बारीक ओळ आहे. २०२५ मध्ये पहिल्या ४३,३०० डॉलरवर ०.३८२५ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे १६६ डॉलर, फक्त अनएम्प्लॉयमेंटच्या विम्यासाठी त्यांच्या पगारातून गेले. कंपनीने वेगळे भरले. गाडीला ठोकर बसली तर विम्याचा क्लेम करताना आपण ओशाळत नाही, मग इथे का?

ग्रीन कार्डाच्या भीतीबद्दल. "पब्लिक चार्ज"च्या २०२२ च्या नियमात सरकारवर अवलंबून असणं म्हणजे काय ते लिहिलंय, आणि वर्गणी भरून कमावलेला अनएम्प्लॉयमेंटचा विमा त्यात धरत नाहीत. खरा प्रश्न दुसराच आहे. तुमचा अर्ज नोकरीच्या आधारावर असेल, तर नोकरी गेल्यामुळे त्या अर्जाचं काय होतं? आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) दाखल होऊन १८० दिवस झालेत का? नवी नोकरी त्याच किंवा तशाच प्रकारची लागेल का? हे वकिलाला याच आठवड्यात विचारा. क्लेम त्या उत्तरासाठी अडवून ठेवू नका. दर आठवड्याला "तुम्ही काम करायला सक्षम आणि उपलब्ध आहात का" असं विचारतात, त्यात कायदेशीर परवानगीही येते, आणि ईएडी कोणत्याही मालकाकडे काम करायची परवानगी देतं. बेस इयरमधला काही काळ ते एच-१बीवर असले तरी तो पगार मोजला जातो, कारण तेव्हाही त्यांना त्या कामाची परवानगी होतीच. ईएडीची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज वेळेत करा; ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना नुसत्या पावतीवर मुदत आपोआप वाढून मिळत नाही.

क्लेम कुठे टाकायचा हेही एकदा तपासा. आपण राहतो तिथे नाही, काम केलं त्या राज्यात. रोज ट्रेनने मॅनहॅटनला जाणाऱ्याने न्यूयॉर्कमध्ये टाकायचा. तिथली कमाल रक्कम बरीच वर्षं ५०४ डॉलर होती, ती ऑक्टोबर २०२५ पासून ८६९ झाली. कंपनी कॅलिफोर्नियाची पण माणूस कायम एडिसनच्या घरातून काम करणारा, तर साधारणपणे न्यू जर्सी. शंका असेल तर कंपनीने कोणत्या राज्याला तुमची वर्गणी भरली ते पे स्टबवर आणि डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा फॉर्म) वर दिसतं. अर्ज राज्याच्या लेबर खात्याच्या साइटवरच करा. पत्त्याच्या शेवटी डॉट एनजे डॉट जीओव्ही आहे ना हे बघा, कारण हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट्स आहेत आणि त्या सोशल सिक्युरिटी नंबर चोरतात. अर्जाला पैसे लागत नाहीत. आयडी डॉट मी या साइटवर ओळख पटवावी लागते, तेव्हा पासपोर्ट आणि ईएडी जवळ ठेवा आणि नाव तिन्ही ठिकाणी एकसारखं लिहा. मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. सोशल सिक्युरिटी कार्डावर ते कसं आहे ते बघूनच भरा. कंपनीने काढताना बीसी-१० नावाचा फॉर्म द्यायला हवा. त्यात कंपनीचा राज्याकडचा नंबर आणि नोकरी संपल्याचं कारण असतं. मिळाला नसेल तर एचआरला ईमेल करून मागा, पण त्याची वाट बघत अर्ज थांबवू नका.

अर्जात नोकरी जाण्याच्या कारणासमोर "कामाअभावी कपात" हे निवडा, कारण तेच घडलंय. काही कंपन्या सन्मानाच्या नावाखाली "राजीनामा द्या, रेकॉर्ड स्वच्छ राहील" असं सुचवतात. तसं सुचवलं असेल तर देऊ नका. स्वतःहून सोडली असं ठरलं, आणि सोडण्याचं कामाशी संबंधित सबळ कारण नसलं, तर नवी नोकरी लागून आठ आठवडे काम करून आठवड्याच्या रकमेच्या दहापट कमाई होईपर्यंत काहीच मिळत नाही. एका शब्दाने वीस-बावीस हजार डॉलर जातात.

मग दर आठवड्याला सर्टिफाय करायचं, म्हणजे प्रश्नांची उत्तरं देऊन त्या आठवड्याचे पैसे मागायचे. सहा-सात प्रश्न असतात, पाच मिनिटांचं काम आहे, पण घाईने बटणं दाबू नका. गेल्या आठवड्यात काम केलं का, कमाई झाली का, नोकरी शोधली का, कुठली ऑफर नाकारली का, शाळा-कॉलेजात जाता का, उपलब्ध होतात का. ज्या दिवशी कुठे अर्ज केला ती तारीख, कंपनी, पद, हे एका वहीत लिहीत जा. योग्य काम विनाकारण नाकारलं तर तो आठवडा आणि पुढचे तीन आठवडे बाद होतात. थोडंफार काम केलं तर ते लपवण्यात काहीच फायदा नाही, कारण हिशेब तुमच्या बाजूचा आहे. ८७५ चे २० टक्के म्हणजे १७५ डॉलर तसेच सोडून देतात. म्हणजे १,०५० मधून त्या आठवड्याची ढोबळ कमाई वजा करायची. ४०० कमावले तर ६५० मिळतील आणि उरलेले पुढच्यासाठी शिल्लक राहतील. कमाई ज्या आठवड्यात काम केलं त्या आठवड्यात दाखवायची, चेक आला त्या आठवड्यात नाही.

तुम्ही विचारलंय की मिस्टर भावाच्या दुकानात बसले तर चालेल का. चालेल, पण दिरांनी त्यांना पेरोलवर घ्यावं, तास लिहावेत, आणि मिस्टरांनी दर आठवड्याला ते सांगावं. दिवसभर काउंटरवर बसून "मी पूर्णवेळ नोकरीसाठी उपलब्ध आहे" हे सांगणं अवघड होतं, तेवढं ध्यानात ठेवा. एखादी एलएलसी (छोटी कंपनी) त्यांच्या नावावर असेल तर तीही अर्जात सांगायची, उत्पन्न शून्य असलं तरी.

आणि भारतात जाणं. लेऑफ झाल्यावर "आता वेळ आहे तर आईबाबांना भेटून येऊ" हा विचार मनात येतोच, आणि जावंही. पण भारतात असतानाच्या आठवड्यांचे पैसे मिळत नाहीत, कारण तुम्ही इथे कामाला उपलब्ध नसता. ते आठवडे सर्टिफाय करायचे नाहीत, परत आल्यावर क्लेम पुन्हा चालू करायचा. न घेतलेली रक्कम क्लेमच्या वर्षाच्या आत शिल्लक राहते. पुण्याहून व्हीपीएन लावून किंवा इथल्या मित्राला पासवर्ड देऊन सर्टिफाय करणं हा सरळ फ्रॉड आहे. सगळी रक्कम परत, वर २५ टक्के दंड, एक वर्ष अपात्र. आणि ज्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज चालू आहे त्याच्या नावावर सरकारी फसवणुकीची नोंद होणं किती महागात पडेल ते तुम्हीच समजू शकता. सासूबाई आजारी पडल्या आणि अचानक जावं लागलं, तरी उत्तर हेच.

आजारपणाचा एक वेगळा रस्ता मात्र न्यू जर्सीत आहे. क्लेम चालू असताना माणूस स्वतः आजारी पडला, ऑपरेशन झालं, बाळंतपण आलं, तर तो "कामाला सक्षम" राहत नाही आणि अनएम्प्लॉयमेंट थांबतं. पण १९४८ पासून राज्याचा तात्पुरत्या अपंगत्वाचा विमा आहे, त्याखाली बेकारीतही पैसे मिळू शकतात. फार लोक हे मागतच नाहीत.

राज्याकडून एखाद्या दिवशी सक्तीच्या भेटीचं बोलावणं येईल. ते टाळू नका, गैरहजर राहिलात तर पैसे अडकतात. आपले आयटीवाले तिथे जायला नाखूश असतात, "ती जागा आमच्यासाठी नाही" असं त्यांना वाटतं. मी उलट सांगतो: बोलावण्याची वाट न बघता जवळच्या करिअर सेंटरवर स्वतः जा. १९३३ च्या कायद्यापासून ही सार्वजनिक नोकरी सेवा आहे, मालक आणि कामगार दोघांनाही फुकट. तिथे दोन गोष्टी मागा. एक, प्रशिक्षणाचं अनुदान. मान्यताप्राप्त कोर्ससाठी फी मिळू शकते, आणि मंजूर प्रशिक्षणात असताना अनएम्प्लॉयमेंट चालू राहतं, काही जणांना २६ आठवड्यांनंतरही. कोर्सला नाव घालण्याआधी मंजुरी घ्यायची. आधी फी भरून मग विचारायला जाणाऱ्याला सहसा नकार मिळतो. दुसरी, राज्यातल्या सार्वजनिक कॉलेजांत जागा शिल्लक असेल तर बेकार माणसाला ट्यूशन माफ होते. क्लाउडचा एखादा कोर्स कम्युनिटी कॉलेजात असा करता येतो. त्यासाठी लागणारं पत्र करिअर सेंटर देतं.

टॅक्सचं एका ओळीत: ही रक्कम फेडरल टॅक्सला पात्र आहे, न्यू जर्सीच्या नाही. अर्जातच १० टक्के कापायला सांगा, म्हणजे १०९९-जी (वर्षभरात मिळालेल्या रकमेचा राज्याचा फॉर्म) आल्यावर एप्रिलमध्ये अंगावर येणार नाही. आरोग्यविम्याला कोब्रा (जुन्या कंपनीचाच प्लॅन स्वतः हप्ता भरून चालू ठेवणं) किंवा राज्याच्या गेटकव्हर्डएनजेवरचा प्लॅन, दोन्हींची निवड ६० दिवसांत करायची. कोब्राचा हप्ता बघून दचकाल. उत्पन्न कमी झाल्यामुळे राज्याच्या प्लॅनवर सवलत मिळते का ते आधी तपासा.

नकार आला तर ते पत्र बाजूला टाकून ठेवू नका. अर्जदाराला अपील करायला २१ दिवस असतात. अपीलवर फोनवरून सुनावणी होते, तिथे वकील सक्तीचा नाही, आणि त्यानंतर बोर्ड ऑफ रिव्ह्यू, मग कोर्ट. अपील चालू असतानाही दर आठवड्याला सर्टिफाय करत राहायचं. हे थांबवणारे बरेच जण सुनावणी जिंकतात आणि मधल्या आठवड्यांचे पैसे त्यांना मिळत नाहीत.

आता तुमच्या दिरांचं पत्र. त्यांना एका मित्राने सांगितलंय की "मुलगा स्वतः सोडून गेला असं लिही, तुझा टॅक्स वाढणार नाही." असं अजिबात लिहू नये. तुम्ही लिहिलंय त्यावरून तो मुलगा काउंटरवर हळू होता, हिशेबात चुकायचा, म्हणून काढला. हे गैरवर्तन नाही. कायद्यातल्या गैरवर्तनाला मुद्दाम केलेलं असावं लागतं: सांगूनही नियम धुडकावणं, जाणूनबुजून कामाचं नुकसान करणं. जमत नाही, हात हळू आहे, चुका होतात, हे त्यात येत नाही. आणि गैरवर्तन सिद्ध झालं तरी तो आठवडा आणि पुढचे पाच आठवडे एवढंच थांबतं. वारंवार उशिरा येण्याची तक्रार असेल तर लेखी ताकीद कुठे आहे हे विचारतील. नंतर आठवून लिहिलेल्या ताकिदीला कुणी विचारत नाही. खोटं कारण लिहिलं तर मालकालाही दंड आहे. जुलै २०२३ पासून लागू झालेल्या बदलांनी मालकाकडून माहिती लवकर आणि इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मागायला सुरुवात झाली आहे, उत्तराला सात दिवस मिळतात. पत्रावरची तारीख आजच बघा. "कामाचा वेग आणि अचूकता अपेक्षेप्रमाणे नव्हती" एवढं खरं लिहून, पगाराच्या तारखा देऊन पाठवून द्या.

आपल्याकडच्या दुकानदारांना वाटतं की त्या मुलाला मिळणारा प्रत्येक डॉलर त्यांच्या गल्ल्यातून जातो. तसं नाही. मालकाचा दर त्याच्या खात्यात आजवर भरलेली वर्गणी आणि त्यातून गेलेले क्लेम यांच्या शिलकीवरून ठरतो, आणि १ जुलैला बदलतो. नव्या धंद्याला पहिली साधारण तीन वर्षं ठरावीक दर असतो. शिवाय एका क्लेमचा भार बेस इयरमधल्या सगळ्या मालकांवर पगाराच्या प्रमाणात वाटला जातो. तो मुलगा तुमच्याकडे चारच महिने होता आणि आधी दुसरीकडे होता, तर बराचसा भार तिकडे जाईल. एका खऱ्या क्लेमने सहा माणसांचं दुकान बुडत नाही.

दुकान अडचणीत येतं ते वेगळ्या कारणाने, आणि तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्याने मला त्याचीच काळजी वाटली: "बाकी दोघांना ते रोख देतात, ते १०९९ वर (कंत्राटदार म्हणून) आहेत." काउंटर सांभाळणारा, माल लावणारा, दिलेल्या वेळेला येणारा माणूस न्यू जर्सीत स्वतंत्र कंत्राटदार ठरणं जवळजवळ अशक्य आहे. इथे एबीसी कसोटी आहे आणि तिन्ही अटी मालकाने सिद्ध करायच्या असतात: माणूस तुमच्या नियंत्रणाबाहेर काम करतो, ते काम तुमच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं किंवा तुमच्या जागेबाहेरचं आहे, आणि त्याचा स्वतःचा चालू धंदा आहे. किराणा दुकानातला मदतनीस तिन्हींत नापास होतो. त्यांच्यापैकी एकाने उद्या क्लेम टाकला, राज्याला त्याच्या नावावर पगारच दिसला नाही, की तिथून चौकशी सुरू होते आणि मागच्या वर्षांची वर्गणी, व्याज, दंड सगळं निघतं. चौकशी येण्याआधी अकाउंटंटकडे जाऊन दोघांना पेरोलवर घ्या. दर तिमाहीनंतरच्या महिन्याच्या ३० तारखेपर्यंत एनजे-९२७ आणि डब्ल्यूआर-३० (वर्गणी आणि पगाराचे तिमाही फॉर्म) भरायचे असतात. राज्याची वर्गणी वेळेवर गेली तर फेडरल अनएम्प्लॉयमेंट टॅक्स माणशी पहिल्या ७,००० डॉलरवर ०.६ टक्के, म्हणजे ४२ डॉलर. वेळेवर गेली नाही तर ती सवलत जाते आणि तोच आकडा ४२० पर्यंत चढू शकतो.

जाऊबाई दुकानात बसतात त्यांचं: दुकान दिरांच्या एकट्याच्या नावावर, कॉर्पोरेशन न करता चालत असेल, तर बायको, आईवडील आणि १८ वर्षांखालची मुलं या विम्याच्या बाहेर असतात. वर्गणी नाही, उद्या क्लेमही नाही. कॉर्पोरेशन असेल तर ही सूट नाही. भाऊ या यादीत नाही, म्हणून मिस्टर तिथे बसले तर त्यांची वर्गणी भरावीच लागेल.

दिवाळीनंतर धंदा मंदावतो म्हणून माणूस काढायचा विचार असेल, तर दहा किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यांसाठी राज्याची शेअर्ड वर्क योजना आहे: सगळ्यांचे तास १० ते ६० टक्के कमी करायचे आणि कमी झालेल्या तासांपुरतं अनएम्प्लॉयमेंट राज्य देतं. सहा माणसांना ती लागू नाही, पण तुमच्या ओळखीत केटरिंगवाले, मोटेलवाले असतील तर त्यांना जरूर सांगा. नवा माणूस हवा असेल तर दिरांनाही करिअर सेंटर जाहिरात फुकट लावून देतं, आणि काम शिकवून घ्यायचं असेल तर शिकण्याच्या काळातल्या पगाराचा निम्मा भाग परत मिळण्याची सोय असते. करार माणूस रुजू होण्याआधी करावा लागतो.

शेवटी एच-१बीवाला सहकारी. त्याच्यासाठी उत्तर वाईट आहे आणि ते स्पष्ट सांगायला हवं. त्याच्याही पगारातून वर्गणी कापली गेली, पण त्याची परवानगी त्या एकाच मालकापुरती होती. नोकरी गेल्यावर तो कायद्याच्या भाषेत "उपलब्ध" राहत नाही, म्हणून साधारणपणे त्याला अनएम्प्लॉयमेंट मिळत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. वर्गणी घेताना व्हिसा विचारत नाहीत. पण "हो, मी कुठेही काम करू शकतो" असं फॉर्मवर ठोकून देणं त्याला परवडणार नाही. त्याच्या बायकोकडे एच-४ ईएडी (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला मिळणारा कामाचा परवाना) असेल तर तिच्या स्वतःच्या नोकरीचे हक्क वेगळे, पण तिचं ईएडी त्याच्या स्टेटसवर टांगलेलं आहे.

त्याच्याकडे आहेत जास्तीत जास्त ६० दिवस, ज्या दिवसापर्यंत पगार मिळाला त्यानंतरचे. सेव्हरन्सने ते वाढत नाहीत. ७ नोव्हेंबर ही शेवटची पगारी तारीख असेल तर ६ जानेवारी. त्याआधी नव्या मालकाने पिटिशन दाखल करायचं किंवा त्याने स्टेटस बदलण्याचा अर्ज करायचा. कंपनीने व्हिसाची मुदत संपण्याआधी काढलं असल्याने भारतात परतायचं ठरलं तर त्याच्या तिकिटाचा वाजवी खर्च कंपनीने द्यायला हवा, तोही मागायचा. लेऑफचं पत्र, शेवटच्या काही पे स्टब, आय-७९७ (एच-१बी मंजुरीची नोटीस) आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) हे सगळं एका फोल्डरमध्ये घालून त्याने याच आठवड्यात इमिग्रेशन वकिलाची वेळ घ्यावी. थँक्सगिव्हिंगपासून नव्या वर्षापर्यंत नोकरभरती मंदावते आणि ऑफिसं अर्धी रिकामी असतात, त्यामुळे त्याच्या ६० दिवसांतले कामाचे दिवस फार थोडे आहेत.